सह्याद्रीतील अंग पुसण्याचा प्रश्न : चाकण औद्योगिक पट्ट्याच्या विशेष संदर्भात

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार दिले गेले, त्यात इकडच्या वाट्याला गुरुवार आला आणि बऱ्याच कारखान्यांत तो अजून टिकून आहे. याचा गिर्यारोहणावर झालेला परिणाम अर्थशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटला. पुणेकर ट्रेकर शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर रांग लावतो. चाकणचा क्वालिटी इंजिनिअर गुरुवारी मोकळ्या गडावर ऐसपैस भिजतो. मात्र बुधवारी रात्री सॅक भरताना त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याकडे विद्यापीठांनी पाठच फिरवली आहे. टॉवेल घ्यायचा की नाही?

प्रश्न नवा नाही, याला पुरावा हाताशी आहे. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच किल्ला गेला. वेढ्याच्या मोर्चांवर, तोफांवर, फंदफितुरीवर भरपूर लिहिलं गेलं. परंतु ऐन पावसात आत आणि बाहेर मिळून जी हजारो माणसं भिजत होती, ती अंग कशाने पुसत होती, या मुद्द्यावर इतिहासलेखन ठार मुकं आहे. बखरकाराला दोष द्यायचा नाही. तो कोरड्यात बसून लिहीत होता.

आता शास्त्रार्थाच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडू. तो असा, की टॉवेल नकोच. हा पक्ष शॉप फ्लोअरवर जन्मला. ज्या माणसाने नको ते काढून जागा नीट लावण्याचं, म्हणजे फाइव्ह-एसचं, ट्रेनिंग घेतलंय, ज्याने आपल्या हाताने न लागणाऱ्या टूलवर रेड टॅग लावलाय, त्याला सॅकमधली प्रत्येक वस्तू संशयित वाटते. त्याचं गणित बिनतोड असतं. घरचा टर्किश टॉवेल ७५ बाय १५० सेंटिमीटर, म्हणजे सव्वा चौरस मीटरला थोडा कमी; ४०० जीएसएमचं कापड धरलं तर वजन ४५० ग्रॅम. एवढ्या वजनात अर्धा लिटर पाण्याला जेमतेम ५० ग्रॅम कमी पडतात, आणि पाणी निदान वाटेत संपतं तरी. टॉवेल संपत नाही. उलट वापरल्यावर वाढतो.

या पक्षाचे कट्टर अनुयायी टॉवेलचा एफएमईए करतात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही अशा भाग्यवंतांसाठी खुलासा करायला हवा. काय बिघडू शकतं याची यादी करायची. बिघाड किती गंभीर, किती वेळा घडेल आणि घडण्याआधी सापडेल का, या तिन्हींना १ ते १० गुण द्यायचे. गुणाकार करायचा आणि येणाऱ्या आकड्याला आरपीएन म्हणून घाबरायचं. २०१९ च्या नव्या हस्तपुस्तिकेने आरपीएन मोडीत काढला आणि त्याजागी ॲक्शन प्रायॉरिटी आणली, पण जुन्या एक्सेल शीटमध्ये तो अजून सुखाने नांदतो. तर, बिघाड : 'अंग ओलं राहणं'. गंभीरता २. वारंवारता, जुलै महिन्यात, १०. सापडण्याची शक्यता अशी की ते सापडायला वेगळी गेज लागत नाही, म्हणून १. गुणाकार २०. हजारात वीस! एवढ्याशा धोक्यावर कोणताही व्यवस्थापक पैसे मंजूर करणार नाही.

गंभीरतेला दिलेले ते २ गुण मात्र प्रस्तुत लेखकाला मान्य नाहीत. भिजलेलं अंग चालताना त्रास देत नाही, थांबल्यावर देतं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यात माथ्यावरचा वारा. ओल्या अंगावर कोरडा शर्ट चढवला की काही मिनिटांत दोघेही सारखेच ओले होतात आणि जपून आणलेला कोरडा शर्ट फुकट जातो. टॉवेलचं खरं काम अंग कोरडं करणं नाही, तो एक शर्ट वाचवणं आहे. हे ध्यानात घेऊन गंभीरतेला ६ द्यावेत. आरपीएन ६० होतो. तरीही पैसे मंजूर होणार नाहीत, पण मिनिट्समध्ये नोंद होईल.

उत्तरपक्षाकडे वळण्यापूर्वी हिवाळा आणि उन्हाळा निकालात काढू. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पहाटे आंघोळ करणाऱ्याला टॉवेलची नव्हे, समजुतीची गरज असते. उन्हाळ्यात गडावरच्या टाक्यातलं पाणी पिण्यासाठी असतं आणि त्यात पाय बुडवणाऱ्याला गावकरी जे बोलतात ते या प्रबंधात बसणार नाही. उरला पावसाळा.

उत्तरपक्ष म्हणतो, टॉवेल घ्या पण हलका घ्या. मायक्रोफायबरचा. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडच्या केसाहून बारीक तंतूंचा हा रुमाल दोनशे ग्रॅमच्या आत बसतो, झटकन सुकतो, आणि चेन असलेल्या चिमुकल्या पिशवीत येतो. ही पिशवीच त्याचा घात करते. चेनची पिशवी म्हटलं की माणूस ती सॅकच्या तळाशी, सुरक्षित, ठेवतो. पावसात तळापर्यंत हात घालायचा तर आधी डबा, स्टोव्ह, कोरडे मोजे आणि स्वाभिमान बाहेर काढावा लागतो. कित्येक मायक्रोफायबर टॉवेल दुकानातून निघाले ते घडीची रेघही न मोडता घरी परतले आहेत.

'झटकन सुकतो' हे विधानही तपासू. राजगुरुनगरहून वाडा मार्गे भोरगिरी आणि तिथून चालत भीमाशंकर, ही चाकणकरांची घरची वाट. श्रावणातल्या गुरुवारी या वाटेवर हवा आणि पाणी यांच्यातला फरक केवळ तात्त्विक उरतो. हवेला जेवढी वाफ पेलवते तेवढी तिच्यात आधीच असते, मग तुमच्या टॉवेलमधली ती कुठे सामावून घेणार? कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. हा फरक कोरड्या प्रयोगशाळेत फार मोलाचा. भोरगिरीला दोन्ही पिळावेच लागतात, आणि पिळल्यावर पॉलिएस्टरला जो वास येतो तो सुती कापडाला येत नाही. शिवाय टिपलेलं पाणी वजनात तेवढंच भरतं, कापड विलायती असो की सोलापुरी. हलक्या टॉवेलचे पुरस्कर्ते टॉवेल नेहमी कोरडा तोलतात; म्हणजे वापरण्याआधीच.

एक तिसरा संप्रदायही आहे, त्याचं साहित्य सगळं मौखिक. त्याचं मुख्य सूत्र, 'तू आणलायस ना? दे जरा.' गणिती दृष्टीने हा संप्रदाय अजिंक्य आहे, कारण आठ जणांत एक टॉवेल म्हणजे माणशी वजन एक अष्टमांश. अडचण क्रमाची. आधी चष्मा, मग मोबाइल, मग तोंड, डोकं, हात, पाय, आणि सर्वांत शेवटी भाताच्या पातेल्याचं बूड, अशी ही असेंब्ली लाइन आहे आणि ती उलटी चालवता येत नाही. आठ जणांची आठ तोंडं पुसून झाल्यावरच पहिला पाय पुसला गेला पाहिजे. प्रत्यक्षात दुसराच गडी आधी पाय पुसतो आणि 'अरे, तोंडाला वरचं टोक होतं की' असा युक्तिवाद करतो. टोकं कितीही ठरवली तरी ती घडी उलगडेपर्यंतच टिकतात.

या गोंधळातून बाहेर पडायला संशोधकाला फार लांब जावं लागत नाही. देहू आणि आळंदी या औद्योगिक पट्ट्याच्या कुशीतच आहेत. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पहिल्याच मुक्कामाला आकुर्डीत, कारखान्यांच्या शेजारी, उतरते. नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेला हा पालखीसोहळा म्हणजे खांद्यावर सामान घेऊन पावसात चालण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी शाळा. तीन आठवडे, ज्येष्ठ-आषाढात. वारकऱ्याच्या पिशवीत बघा. टॉवेल सापडणार नाही. त्याचा पंचा खांद्यावर आहे. उन्हात तो डोक्याला, घाम आला की मानेला, जेवताना मांडीवर, झोपताना उशाला, आणि पंढरपुरात चंद्रभागेच्या स्नानानंतर अंगाला. ऊन पडलं की तो चालता चालता सुकतो, त्यासाठी वेगळी दोरी नको.

(भोरगिरीला ट्रेकरच्या डोक्यावर पडलेलं पाणी भीमेतून चासकमान आणि उजनी करत त्याच चंद्रभागेत जातं. म्हणजे इथे नीट न पुसलेलं पाणी तिथे कुणीतरी पुसतोच. तेवढ्यावर टॉवेल टाळणं मात्र शास्त्राला धरून होणार नाही.)

दुसरा दाखला चाकणच्या रस्त्यावर रोज दिसतो. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेला कामगार तळेगाव-चाकण रस्त्याच्या धुळीत गमछा तोंडावर ओढतो, शिफ्ट सुटली की त्यानेच मान पुसतो, बाजारात भाजी त्यातच बांधतो. त्याला कुणी विचारलं नाही की गमछा 'सोबत घ्यायचा' का. तो सोबत असतोच.

आणि इथे अमेरिकेतल्या हलक्या-सॅकवाद्यांनीच आपल्याला एक पळवाट ठेवली आहे. १९९२ मध्ये रे जार्डिनच्या पदभ्रमणावरच्या हस्तपुस्तिकेनंतर तिकडे सॅकचं मूळ वजन साडेचार किलोंच्या आत आणण्याची चढाओढ लागली. ते वजन मोजताना अन्न, पाणी आणि इंधन धरत नाहीत. अंगावरचे कपडेही धरत नाहीत! तेव्हा पिशवीतला पंचा म्हणजे भार, आणि मुंडाशाला गुंडाळलेला तोच पंचा म्हणजे पोशाख. वजन शून्य. ऑडिटर आला तरी चालेल.

निर्णय झाला : पंचा घ्यावा, सुती, पातळ, आणि सॅकच्या बाहेर. मग चाकणचा इंजिनिअर तो आत का कोंबतो? अज्ञान हे कारण नाही. रुजू झाल्या दिवसापासून सेफ्टी ऑफिसरने त्याच्या मनावर एकच गोष्ट बिंबवली आहे, की फिरत्या यंत्राजवळ गळ्यात, कमरेत लोंबतं कापड नको. लेथच्या स्पिंडलने ओढलेला रुमाल माणसाला सोडत नाही, हे खरंच आहे आणि कारखान्यात हा नियम अक्षरशः पाळावा. पण तो शिस्तीचा माणूस गुरुवारीही पंचा गळ्यात घालायला कचरतो. त्याला लेखी कळवावं, की भोरगिरीच्या वाटेवर लेथ नाही, प्रेस नाही, कन्व्हेयर नाही. फिरतं यंत्र म्हणाल तर खेडच्या पश्चिमेकडच्या डोंगरमाथ्यांवरच्या पवनचक्क्या तेवढ्या, आणि त्यांच्या पात्यांपर्यंत कुठल्याच पंच्याचं टोक पोहोचत नाही.