धूर दिसला पाहिजे

गावात डेंग्यूचे दोन-चार रुग्ण निघाले की पुढं काय होणार, हे सांगायला कवठे महांकाळला ज्योतिषी लागत नाही. पहिल्या दिवशी निवेदन. दुसऱ्या दिवशी निवेदन देतानाचा फोटो. तिसऱ्या दिवशी धुराची गाडी. गाडीमागं पोरं पळतात, गाडीपुढं पुढारी चालतात आणि रस्त्याकडेची घरं धडाधड दारं-खिडक्या लावून घेतात, कारण धुरानं खोकला येतो. झालं! डास घरात, माणूस घरात आणि औषध रस्त्यावर. चौथ्या दिवशी ‘धूर फवारणी संपन्न’ अशी बातमी येते आणि आम्ही समाधानानं मच्छरदाणीत शिरतो. डेंग्यूच्या डासाची पाळी तर दिवसाची असते. तो चावायचा तेवढा पोरगं शाळेच्या बाकावर बसलेलं असताना चावून गेलेला असतो.

चावून गेलेली, म्हणायला पाहिजे. चावते ती एडिस इजिप्तीची मादी. नर बिचारा फुला-फळांच्या रसावर दिवस काढतो. हिचा मुक्काम पलंगाखाली, दोरीवरच्या कपड्यांआड, देव्हाऱ्यामागच्या अंधारात. धुरानं मरतो तो उडता डास, तोही धुराशी गाठ पडली तर. हौदातल्या अळ्यांना धुराची गाडी आली नि गेली याचा पत्ताही लागत नाही. आज गाडी जाते, उद्या-परवा नवी तुकडी पंख वाळवून बाहेर पडते. रुग्णाच्या घरात आणि आजूबाजूला, दारं उघडी ठेवून धूर मारला, तर साथीच्या भरात त्याला थोडा अर्थ आहे. पण हौदात टाकलेलं अळीनाशक कुणाला दिसत नाही, धूर अख्ख्या पेठेला दिसतो. फोटोतही चांगला येतो.

आमची दुसरी आवडती हाक गटारीची. ‘गटारी तुंबल्यात, डेंग्यू झालाय.’ गटारी साफ व्हायलाच हव्यात, पण गटारीत वाढतो तो क्युलेक्स, आणि त्याच्याकडं हत्तीरोगाचं खातं आहे. डेंग्यूवाली एडिस सोवळ्यातली. तिला स्वच्छ, साचलेलं, सावलीतलं पाणी लागतं. म्हणजे आपण मुलाबाळांसाठी जपून भरून ठेवतो ते. आर. आर. आबा पाटलांनी ग्रामविकासमंत्री असताना 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं आणि महाराष्ट्रातली गावं हातात खराटा घेऊन रस्त्यावर आली. पुढं आमचा तालुका त्यांच्याच मतदारसंघात गेला, त्यामुळं खराट्याचं कौतुक आम्हाला जरा जास्तच. पण खराटा उंबऱ्यापाशी थांबतो आणि ही बया उंबऱ्याच्या आत राहते.

हा घोटाळा आपणच केला असं समजून कुणी ओशाळायचं कारण नाही. क्यूबातल्या हवाना शहरात अमेरिकी लष्करानं हेच केलं होतं. पीतज्वर घालवायचा म्हणून त्यांनी रस्ते धुऊन काढले, कचरा उचलला, शहर चकाचक केलं. आणि 1900 साली पीतज्वर पुन्हा जोरात आला. मग वॉल्टर रीड यांच्या मंडळानं दाखवून दिलं की रोग पसरवतो तो डास. तीच ही एडिस. त्यानंतर विल्यम गॉर्गस या डॉक्टरची माणसं रस्ता सोडून घरात शिरली. पिंप झाकली, टाक्यांवर तेल ओतलं, अळ्या सापडल्या त्या घरमालकाला दंड केला. 1901 संपायच्या आत हवानातला पीतज्वर संपला. आज सिंगापूरमध्येही घरात अळी सापडली की दंड होतो. आमच्याकडं अळी सापडली तर माणूस आरोग्यसेवकालाच विचारतो, ‘बाटलीतनं आणली नव्हती ना?’

आता येऊ कोरड्या दिवसाकडं. आठवड्यातून एक दिवस पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा, असं आरोग्य खातं सांगतं. सल्ला बरोबर आहे. पण म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार यावर जिथं निवडणुका रंगतात, त्या तालुक्यात जाऊन ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणायला छातीच लागते. इथं वर्षानुवर्षं कोरडेच पाळलेत. दारात आशाताई आणि ओसरीवर अण्णा, हा संवाद मग असा होतो.

‘‘अण्णा, तेवढा हौद मोकळा करून घासून घ्या.’’

‘‘मोकळा करू म्हंतीस. आन् पोरी, पुन्यांदा भरू कशानं? नळाला पानी कवा येतंय ते तुला तरी सांगून येतंय का?’’

आशाताईकडं याचं उत्तर नसतं. तिच्या हातातल्या पत्रकातही नसतं. पत्रक जिथं छापलं तिथं बहुतेक रोज पाणी येत असावं.

तरी अण्णांनी एक हिशेब करावा. अंड्याचा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. नळ यायच्या आदल्या दिवशी बॅरल आपोआप तळाला गेलेलं असतं. कोरडा दिवस पाळायचा तो त्या दिवशी, वार कुठलाही असो. तळाचं पाणी गाळून घागरीत घ्या, भांडी घासायला वापरा, आणि बॅरल आतून काथ्यानं घसाघसा घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण ही मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवून, एका वेळी शंभरेक. ती अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात. टँकर येतो, पाणी चढतं, आणि उन्हाळाभर वाट पाहत बसलेली पिल्लावळ जागी होते. दुष्काळ सोसण्यात ती आपल्या चार पावलं पुढं आहे.

घासणं होत नसेल तर झाका. पण झाकण म्हणजे बॅरलवर तिरकी टेकवलेली पत्र्याची चकती नव्हे, तिच्या फटीतून डासांचं वऱ्हाड जाईल. जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं फडकं तोंडाला ताणून दोरीनं बांधलं की झालं. सिमेंटच्या मोठ्या हौदाला तेही जमत नसेल तर हिवताप विभागाचे गप्पी मासे सोडा, ते अळ्या खाऊन राहतात. इथं एक अडचण येते. माळकरी घरात ‘आमच्या हौदात मासा नको’ म्हणतात. माऊली, तो सोडायचा आहे, शिजवायचा नाही! आणि अळ्यांचं पाणी पिताना कुठला शाकाहार होत होता?

हौद-बॅरल झालं, आता जरा परड्यात चला. जनावरांची दगडी डोण. पाऊस झेलत पडलेलं उखळ. टपरीमागचे टायर. फ्रिजच्या मागचा ट्रे, जो विकत घेतल्यापासून कुणी पाहिलेला नाही. द्राक्षबागेच्या कडेला टाकलेले औषधांचे डबे, खत कालवायची पिंपं, बेदाणा शेडच्या ताडपत्रीच्या घड्यांत साठलेलं पाणी. एडिसला वाटीभर पाणी पुरतं. आणि ती सहसा चारेकशे मीटरच्या पुढं जात नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास आसपासच्या चार घरांतलाच. ‘बाहेरून आलेत डास’ हे म्हणायची सोय त्यानं ठेवलेली नाही.

खरी गंमत पुढं आहे. कीड कशी ओळखावी आणि कधी गाठावी हे महाराष्ट्रात कुणाला विचारायचं असेल, तर ते द्राक्षबागायतदाराला. छाटणीनंतरचा कितवा दिवस आहे यावरून तो फवारणी ठरवतो. डावणी, भुरी, करपा, थ्रिप्स, मिलीबग, उडद्या यांच्या कुंडल्या त्याला तोंडपाठ. रात्री दोनला भुरभुर आली तर हा गडी ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून बागेत हजर. मिलीबग खोडाच्या सालीखाली असतो, वरनं नुसता फवारा मारून मरत नाही, हे तो कृषी सहायकाला समजावून सांगतो. आणि हाच माणूस घरी येऊन म्हणतो, ‘‘गल्लीत एकदा धूर मारा हो, डास लई झालेत.’’ अहो दादा, ज्या डोक्यानं बाग राखता त्यातलं थोडं हौदाला द्या. बागेतली कीड पिकाचा दर पाडते म्हणून तिचा अभ्यास. घरातली पोराला आडवं पाडते, तिच्यासाठी निवेदन!

आणि हा पाहुणा काही कालचा नाही. आमच्यासारख्याच कोरड्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, 1973 साली याच एडिसनं चिकुनगुन्या आणला. तेव्हाच्या तपासणीत शंभरातली सदतीसेक माणसं आजारी निघाली. मग तो बत्तीस वर्षं गायब. आपण विसरलो. 2005 च्या अखेरीस तो परत उगवला आणि 2006 साली देशभरात जवळपास 14 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र त्यात पुढच्या रांगेत होता. ज्यांचे गुडघे तेव्हा धरले, ते पुढं कित्येक महिने भिंतीला धरून चालत होते. झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण 2021 मध्ये निघाला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला, म्हणजे खेड्यातच. आजारांची नावं बदलतात. वाहक एडिसच आणि बॅरलही तेच.

डेंग्यू झाल्यावर तर आमच्याकडं एकच प्रश्न उरतो: ‘‘पेशी किती?’’ माणूस कसा आहे हे कुणी विचारत नाही. पेशींचा आकडा सकाळ-संध्याकाळ भावकीच्या ग्रुपवर पडतो, निकालाच्या दिवशी मतांचा पडतो तसा. लगेच धावपळ. एक जण पपईचा पाला आणायला पळतो, एक शेळीच्या दुधामागं. आणि टनानं द्राक्षं पिकवणारा हा तालुका एका परदेशी किवीसाठी सांगली-मिरज पालथी घालतो. द्राक्षानं काय वाईट केलं होतं कुणास ठाऊक.

गमतीचा भाग इथं संपतो. डेंग्यूवर नेमकं औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी-पेज आणि तापाला पॅरासिटामॉल. अंग ठणकतं म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या किंवा ‘एक सुई मारा डॉक्टर’ हा हट्ट रक्तस्रावाला आमंत्रण ठरू शकतो. आणि सगळ्यात फसवा असतो तो ताप उतरल्याचा दिवस. घरचे म्हणतात सुटलो, आणि धोक्याचे एक-दोन दिवस तिथूनच सुरू होतात. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, पोरगं मलूल, यातलं काहीही दिसलं तर आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठा. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला म्हणजे सुटका झाली असं नाही. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त बाधण्याची शक्यता असते.

आता निवेदन द्यायचंच असेल तर एक मजकूर सुचवतो. धुराची गाडी मागू नका. पाण्याचं वेळापत्रक मागा. जिथं नळ रोज येतो तिथं बॅरलं भरून ठेवायची कुणाला हौस नसते. रोज जमत नसेल तर निदान सात दिवसांच्या आत येऊ द्या, आणि येणार कधी ते आधी सांगा, म्हणजे आदल्या दिवशी अण्णांना हौद घासता येईल. ही मागणी फोटोला बरी दिसत नाही, तिच्यातून धूरही निघत नाही, म्हणून ती आजवर कुणी केली नसावी. नगरपंचायतीनं पाण्याची वेळ पाळावी, घासायचं आम्ही बघतो. आणि तोवर, वाचकहो, हे सदर खाली ठेवून एकदा फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघा.