नवजन्म झालेल्या उमेदवाराची पहिली पुस्तिका

टेक्सास किंवा अलाबामातल्या एखाद्या मतदारसंघातून रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर उभे राहायचे तुमच्या मनात आले आहे. पक्षांतर्गत फेरीत मत देणारा माणूस रविवारी सकाळी कुठे सापडतो, हेही तुम्हाला कळले आहे. अर्धे काम झाले. निधी कसा गोळा करायचा आणि कॅमेऱ्यासमोर बाह्या किती दुमडायच्या, हे सल्लागार पैसे घेऊन शिकवतात. या पुस्तिकेत फक्त देवाचे खाते आहे.

आधी पात्रता. कायद्याने काहीच लागत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही असे स्वच्छ लिहिले आहे, आणि देवाचा उल्लेख म्हणाल तर शेवटी तारीख घालताना ‘आपल्या प्रभूच्या वर्षी’ एवढाच. टेक्सासच्या घटनेने मात्र एक मेख मारून ठेवली आहे: धर्मावरून कोणाला पद नाकारता येणार नाही, फक्त त्याने परमेश्वराचे अस्तित्व मान्य केले पाहिजे. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेरीलँडच्या एका खटल्यात असली अट मोडीत काढली. टेक्सासच्या पुस्तकातून ती ओळ आजवर कोणी खोडलेली नाही. मतदाराच्या मनातून तर नाहीच नाही.

आता साक्ष. मराठी ख्रिस्ती मंडळींना हा शब्द समजावून सांगायला नको; इतरांसाठी, आपण प्रभूकडे कसे वळलो याची जाहीर कहाणी. ती तीन मिनिटांत बसावी. आधी घसरण, मग एक ठरावीक सकाळ, मग घरातली मंडळी. घसरण बेताची हवी. दारू चालते, कर चुकवलेला चालत नाही. धाकट्या बुशसाहेबांचा नमुना पाठ करा. चाळिशीच्या वाढदिवसानंतर त्यांनी दारू सोडली होती. डिसेंबर १९९९ मध्ये आयोवातल्या वादसभेत प्रश्न आला, तुमचा आवडता राजकीय तत्त्वज्ञ कोण? बाकीचे उमेदवार पुस्तके आठवत असताना बुश म्हणाले, ख्रिस्त, कारण त्याने माझे मन पालटले. अधिक खुलासा मागितला तर म्हणाले, ज्याला अनुभव नाही त्याला समजावणे अवघड आहे. परीक्षक गप्प. हे उत्तर त्यांना मनापासून सुचले होते असे मला वाटते, आणि म्हणूनच ते तुम्हाला जमणे कठीण आहे. तरी सराव करा.

बायबल थोडे वाचलेले बरे. निदान पत्रांची नावे तरी. करिंथकरांस दुसरे पत्र याला अमेरिकन भाविक ‘दुसरे करिंथ’ म्हणतात. ट्रम्पसाहेब जानेवारी २०१६ मध्ये लिबर्टी विद्यापीठात ‘दोन करिंथ’ म्हणाले आणि विद्यार्थी हसले. मते मात्र मिळाली. त्या नोव्हेंबरात गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे नवजन्म मानणाऱ्या प्रोटेस्टंट, मतदारांपैकी पाचातल्या चौघांनी त्यांनाच मत दिले. तेव्हा वाचन झाले नाही म्हणून खचून जाऊ नका.

इथून पुस्तिकेचा मुख्य धडा सुरू होतो. तो पवित्र शास्त्राचा नसून तारखांचा आहे. तारखा विसरायला शिका.

१९७६ घ्या. जॉर्जियातला भुईमूग पिकवणारा जिमी कार्टर ‘माझा नवा जन्म झाला आहे’ असे उघड सांगत राष्ट्राध्यक्ष झाला. सदर्न बॅप्टिस्ट पंथाचा, एकपत्नी, रविवारच्या शाळेत शिकवणारा. न्यूजवीकने ते साल इव्हँजेलिकलांचे म्हणून जाहीर केले. चार वर्षांनी त्याच मंडळींनी रोनाल्ड रेगनना निवडले. रेगन घटस्फोटित, हॉलिवूडचे नट. ऑगस्ट १९८० मध्ये डलासला जमलेल्या हजारो पाळकांसमोर रेगन म्हणाले की तुम्ही मला जाहीर पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला आहे. कार्टरच्या सगळ्या रविवारच्या शाळा त्या एका वाक्यापुढे फिक्या पडल्या. तुम्हाला कोणी कार्टरची आठवण काढून छेडले तर महागाई आणि इराणमधले ओलीस हा विषय काढा.

मग पाळकांचे. मार्च १९६५ मध्ये लिंचबर्गचे जेरी फॉलवेल व्यासपीठावरून सांगत होते की पाळकाचे काम आत्मे जिंकणे, राजकारण करणे नव्हे. रोख मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्चांवर होता. १९७९ मध्ये त्याच फॉलवेलनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापन केली. चौदा वर्षांत पाळकाचे काम बदलले.

बदलले कशाने? जो तो गर्भपाताचे नाव घेईल, आणि तुम्हीही घ्या. फक्त १९७१ चा कागद कोणाला दाखवू नका. त्या वर्षी सेंट लुईसला सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने ठराव केला होता की बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा वेळी गर्भपाताला कायद्याने वाव असावा. दोन वर्षांनी गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो खटल्याचा निकाल लागला, तेव्हा विरोधात उभे होते ते मुख्यतः कॅथलिक. पाळकांच्या या राजकीय चळवळीचे एक शिल्पकार पॉल वायरिक पुढे स्वतःच सांगत की इव्हँजेलिकल मंडळी पेटली ती सरकारने ख्रिस्ती शाळांच्या करसवलतीला हात घातल्यावर. त्यात बॉब जोन्स विद्यापीठ होते, जिथे गोऱ्याकाळ्यांनी एकमेकांसोबत फिरायला बंदी होती. १९८३ मध्ये ते सुप्रीम कोर्टात आठ विरुद्ध एक असे हरले. बंदी उठली २००० साली.

इथे थट्टा बाजूला ठेवून एक सांगायला हवे. न जन्मलेल्या जिवाविषयी आज जे बोलले जाते, त्यातले फार मोठे माप खरे आहे. अडलेल्या पोरींना लंगोट, दूध, पाळणे पुरवणारी केंद्रे चर्चच्या बायका चालवतात आणि त्यांना कोणी कॅमेरा दाखवत नाही. शाळेतल्या प्रार्थनेचा सलही खरा आहे. १९६२ मध्ये कोर्टाने न्यूयॉर्कच्या शाळांतली बावीस शब्दांची प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. ती सरकारी समितीने लिहिलेली, बेचव, कोणाच्याच देवाला पूर्ण न पोहोचणारी होती. तरी आपल्याच गावातून आपल्याला बाहेर काढल्यासारखे कित्येकांना वाटले, आणि ते अजून विसरलेले नाहीत. या माणसांची श्रद्धा मतांसाठी नसते. मते मागणारा त्या श्रद्धेजवळ येऊन उभा राहतो.

तुम्ही जवळ उभे राहताना भिंतीपासून सावध असा. चर्च आणि सरकार यांच्यामधली भिंत ही नास्तिकांची कल्पना, असे तुम्हाला भाषणात म्हणावे लागेल. ती उपमा जेफरसनने १८०२ मध्ये एका पत्रोत्तरात वापरली. पत्र पाठवणारे होते कनेक्टिकटमधल्या डॅनबरीचे बॅप्टिस्ट. तिथे काँग्रिगेशनल चर्चला सरकारी मान होता, आणि बॅप्टिस्टांना आपले स्वातंत्र्य मेहेरबानीचे वाटत होते. भिंत हवी होती ती तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना. पुन्हा तोच धडा: तारीख विसरा.

सरकारी भक्तीचा एक कार्यक्रम मात्र चुकवू नका. मुख्यमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, आषाढीला पंढरपुरात शासकीय महापूजेला बहुधा असतोच. तसा फेब्रुवारीतला राष्ट्रीय प्रार्थना-नाश्ता १९५३ पासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने हजेरी लावून सांभाळला आहे. आयझेनहॉवर तर त्याच वर्षी, पद घेतल्यावर, बाप्तिस्मा घेऊन आले.

पोपची भीती हा धडा आता अभ्यासक्रमातून वगळला आहे. सप्टेंबर १९६० मध्ये कॅथलिक जॉन केनेडींना ह्यूस्टनच्या प्रोटेस्टंट पाळकांपुढे उभे राहून सांगावे लागले होते की माझे निर्णय व्हॅटिकन घेणार नाही. २०२२ मध्ये रो निकाल रद्द करणारा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अलिटो कॅथलिक, आणि टाळ्या बॅप्टिस्टांच्या.

व्यासपीठाचा उपयोग कसा करावा? १९५४ पासून चर्चसारख्या करमुक्त संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला बंदी आहे. भिऊ नका. २००८ मध्ये तेहतीस पाळकांनी ठरवून व्यासपीठावरून राजकारण केले, आणि त्या प्रवचनांच्या प्रती आपण होऊन कर खात्याला धाडल्या, की या, खटला भरा. आमंत्रण देऊनही पाहुणा आला नाही. तुम्ही बुधवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला जा, मागच्या बाकावर बसा, नंतर सभागृहातल्या जेवणात चिकन कॅसरोल दोनदा वाढून घ्या. खुर्च्या घडी करून ठेवायला थांबा. हे शेवटचे फार थोडे उमेदवार करतात.

काळ्या बॅप्टिस्टांच्या चर्चमध्ये गेलात तर चकित होऊ नका. शास्त्र तेच, लग्न आणि कुटुंब याविषयीची मतेही बरीचशी जुन्या वळणाची, आणि मत मात्र बहुतेकांचे डेमोक्रॅटांना. यावर या पुस्तिकेत तोडगा नाही.

चारित्र्याचा धडा सर्वांत अवघड, म्हणून शेवटी. जून १९९८ मध्ये, क्लिंटन प्रकरण तापले असताना, सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव केला की नेत्याचे खासगी चारित्र्य महत्त्वाचे असते आणि त्याकडे काणाडोळा केला तर समाज बथ्थड होतो. २०११ च्या पाहणीत खासगी आयुष्यात घसरलेला माणूस सार्वजनिक कामात नीट वागू शकतो असे मानणारे गोरे इव्हँजेलिकल ३० टक्के होते. २०१६ मध्ये ७२ टक्के. दरम्यान शास्त्रात भर पडलेली नाही. कोणी विचारले तर बायबलातल्या यशयाच्या ग्रंथातला कोरेश राजा पुढे करा: तोही परका होता, तरी देवाने त्याला वापरले. ज्यांनी १९९८ चा ठराव २०१६ मध्येही वाचून दाखवला, त्यातले रसेल मूर २०२१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांचे पद सोडून बाहेर पडले. त्यांचा कित्ता गिरवायचा असेल तर ही पुस्तिका परत करा.

जिंकल्यावर काय, असे हुशार विद्यार्थी विचारतात. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. दारूबंदीसाठी झटणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेविषयी त्यांनी मराठीत भरभरून लिहिले. त्या स्त्रियांना १९२० मध्ये देशभर दारूबंदी मिळाली. १९३३ मध्ये ती गेली. रो निकाल जून २०२२ मध्ये पडला. ऑगस्टमध्ये कॅन्ससने, अगदी आपल्या घरच्या कॅन्ससने, गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेतून काढायला मोठ्या फरकाने नकार दिला. मंडळीत बसलेल्या बायकांनी पडद्याआड काय केले, हे त्या कोणाला सांगत नाहीत.

मतदान नोव्हेंबरात मंगळवारी असते. तो वार ठरवताना रविवार उपासनेला मोकळा राहावा हा विचार होता, असे सांगतात. अर्जाची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. तेवढी एक तारीख लक्षात ठेवा.