झेरॉक्सनाना

बारावीचा निकाल लागला की आमच्या गावात पेढ्याचा पहिला मान ग्रामदैवताचा आणि दुसरा नानांचा. देव पेढा घेऊन गप्प बसतो. नाना पेढ्याला हातही लावत नाहीत. चष्म्याच्या वरून पोराकडे बघतात आणि विचारतात, "उत्पन्नाचा दाखला कुठल्या सालचा आहे?"

पोरगं अजून टक्क्यांच्या धुंदीत असतं. "काढायचाय, नाना."

"मग पेढे कशाचे वाटतोयस?"

नाना एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यातल्या घाटरस्त्यांवर उभी हयात गेली. मशीन आलं ते अगदी शेवटी; त्याआधी तिकिटांचा ट्रे, पंच आणि वेबिल. प्रत्येक स्टेजला वेबिलावर तिकिटांचे आकडे टिपायचे, मग चेकिंगवाले कुठल्याही फाट्यावर चढोत, हिशेब तयार. नोकरी सुटली, ही सवय सुटली नाही. कातडी पिशवीतून तिकिटं गेली आणि तिथे गावातल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे कागद आले, एवढाच काय तो बदल.

नानांचं एक रजिस्टर आहे. दोनशे पानी, खाकी कव्हरचं, देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर. त्यात पट्टीने आखलेले रकाने : नाव, योजना, अर्ज क्रमांक, युजर आयडी, पासवर्ड, दाखल्याचा बारकोड, आधारला जोडलेला मोबाइल, तो मोबाइल सध्या कुणाच्या खिशात असतो, आणि सगळ्यात शेवटचा रकाना, 'कागद आता कुणाकडे'. या शेवटच्या रकान्यात 'कॉलेज क्लार्क', 'प्राचार्य', 'जिल्हा' असे शब्द पेन्सिलीने लिहिलेले असतात, कारण ते खोडावे लागतात. पैसे खात्यात पडल्याशिवाय नाना तिथे पेन टेकवत नाहीत. काही ओळी सलग दोन वर्षं पेन्सिलीतच आहेत.

पासवर्डाचीही त्यांची पद्धत आहे. त्यात एक मोठं अक्षर, एक छोटं, एक आकडा आणि एक चिन्ह लागतं, हे ऐकल्यावर ते जरासुद्धा डगमगले नाहीत. त्यांनी प्रत्येक पोराला आपल्या जुन्या गाड्यांपैकी एकेक नंबर वाटून दिला. त्यामुळे आमच्या गल्लीतली इंजिनिअरिंगची एक हुशार मुलगी महाडीबीटीच्या दारातून आत शिरते ती एका मुक्कामी गाडीच्या नंबरावर. पोरं पासवर्ड विसरतात. नाना गाडी विसरत नाहीत.

त्यांचे नियम मोजके, पण हायकोर्टाला न बदलता येणारे. मूळ कागद घराबाहेर जाणार नाही. झेरॉक्सचे तीन संच : एक कॉलेजला, एक घरात, आणि एक 'असू दे'. या 'असू दे' संचावर गावाने पुष्कळ विनोद केले. पुढे एका पोराची कॉलेजला दिलेली फाईल तिथेच कुठेतरी गडप झाली, घरचा संच पावसात भिजला आणि 'असू दे' कामाला आला. त्या दिवसापासून विनोद बंद झाले आणि नानांचं नाव मात्र झेरॉक्सनाना पडलं. काकूंचं म्हणणं असं, की यांच्याकडे आमच्या लग्नपत्रिकेच्याही तीन प्रती आहेत आणि त्या आजवर कुणी मागितलेल्या नाहीत. नाना म्हणतात, "अजून मागितल्या नाहीत."

अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा लोकांना वाटलं, आता नानांचं राज्य संपलं. उलट ते वाढलं. आता कागद तर लागतातच, शिवाय त्यांचे फोटोही लागतात, आणि ते फोटो २५६ केबीच्या आत बसावे लागतात. केबी म्हणजे काय हे नानांना कुणी समजावलं नाही. त्यांनी स्वतःच लावून घेतलं. "अडीचशे केबी म्हणजे हातातली पिशवी. तुझा हा दोन एमबीचा डोमिसाईल म्हणजे लगेज. वर टपावर टाक, नाहीतर लहान करून आण." पोरांच्या मोबाइलमध्ये 'स्कॅन नवीन', 'स्कॅन नवीन फायनल' आणि 'फायनल खरं' अशा तीन फायली सापडल्या की त्यांचं डोकं फिरतं. फाईलचं नाव म्हणजे मुलाचं नाव, कागदाचं नाव आणि साल. एकाने जातीच्या दाखल्याच्या जागी बहिणीच्या साखरपुड्याचा फोटो चढवला होता. अर्ज परत आला तेव्हा नानांनी त्याला एवढंच विचारलं, "पाव्हणे पसंत पडले नाहीत काय कॉलेजला?"

नावांच्या स्पेलिंगवर मात्र ते हसत नाहीत. एका बापाचं नाव ज्ञानदेव. आधारवर ते 'डी'पासून सुरू होतं, दहावीच्या गुणपत्रिकेवर 'जी'पासून, आणि बँकेत नुसतंच ज्ञानू. माणूस एकच, गावात त्याला ओळखत नाही असं कुत्रंही नाही. पण अर्जाच्या लेखी तो तीन माणसं. नानांनी तिन्ही माणसांना एकाच आधार केंद्रावर नेऊन एक करून आणलं.

खरी मजा बँकेच्या खात्याची. शिष्यवृत्तीचे पैसे आधारच्या वाटेने येतात, म्हणजे अर्जात तुम्ही कुठलं पासबुक जोडलंय त्याला किंमत नाही. आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं गेलं, तिथे ते जातात. एका पोरीचा भत्ता आला आला म्हणून पोर्टल सांगत होतं आणि पासबुक कोरडं. नानांनी तिला तासभर उलटतपासणीला बसवलं तेव्हा कळलं, की दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी सिमकार्डाबरोबर छत्री फुकट मिळते म्हणून तिने कुठेतरी अंगठा दिला होता. त्या अंगठ्याने एक खातं उघडलं होतं आणि पैसे तिथे सुखरूप पडून होते. आता रजिस्टरात एक रकाना वाढलाय : 'छत्री घेतली होती काय?'

इथे मला राहवत नाही म्हणून सांगतो. नाना दर वर्षी जे कागद गोळा करतात, त्यातले बहुतेक सरकारनेच दिलेले असतात. तहसीलदाराने दिलेला दाखला, बोर्डाने दिलेली गुणपत्रिका, प्रवेशाच्या कॅप फेरीचं पत्र. सरकारचंच लिहिलेलं सरकारला वाचून दाखवायचं, तेही ३१ मार्चला उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून. नाना असे झाले ते हौसेने नाही. एका कागदासाठी चाळीस किलोमीटर परत पाठवलेली माणसं त्यांनी आयुष्यभर आपल्याच गाडीतून परत आणली. परतीचं तिकीट फाडताना त्यांचे चेहरे बघितले. नाना हे मान्य करत नाहीत. ते म्हणतात, "मला वळण आहे, इतकंच."

या कामामुळे गावातल्या प्रत्येक घराचं उत्पन्न त्यांना ठाऊक आहे, कागदावरचंही आणि खरंही. दोन्हींमधल्या अंतराबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. कुणाच्या पोराने गॅप घेतली ती खरोखर नीटच्या तयारीसाठी की दुसऱ्याच कारणासाठी, तेही त्यांच्या पिशवीत आहे. पिशवीचं बक्कल पक्कं आहे.

थोरामोठ्यांकडेही ते याच नजरेने बघतात. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात एक वक्ते सांगत होते, की १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबियाला जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. सभेने टाळ्या वाजवल्या. नाना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कराराची एक प्रत त्यांनी स्वतःजवळ ठेवली असणार. कागदाचा माणूस होता तो."

२०२४च्या जुलैत सरकारने ठरवलं, की आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी निम्मी नाही तर पूर्ण माफ. गावात आनंद झाला. नाना रात्री दीडपर्यंत रकाने नव्याने आखत बसले आणि सकाळी लाल डोळ्यांनी तीन घरांत जाऊन सांगून आले, की पोरगी घरी बसवलीत तर माझ्याशी गाठ आहे. त्यातल्या एका बापाने विचारलं, "मॅनेजमेंट कोट्यातून घेतली ॲडमिशन तर?" नानांनी त्याला चहासुद्धा पिऊ दिला नाही. "कॅपमधून, कॅपमधून," म्हणत फाट्यापर्यंत सोडायला गेले.

नानांचा शत्रू एकच : मुदतवाढ. अर्जाची शेवटची तारीख येते, नानांनी जीव काढून सगळ्यांचे अर्ज भरून घेतलेले असतात, आणि त्याच संध्याकाळी बातमी येते की मुदत वाढवली. वेळेत भरणारे हिरमुसतात, न भरणारे शहाणे ठरतात. यावर नानांनी काढलेला उपाय सरळ आहे आणि थोडा बेकायदा. ते खरी तारीख सांगतच नाहीत. नानांची शेवटची तारीख सरकारच्या आधी पंधरा दिवस असते. व्हॉट्सॲपवर 'शिष्यवृत्ती फक्त काम' नावाचा गट आहे, त्यात लिहिण्याचा अधिकार एकट्या ॲडमिनला. ॲडमिन कोण, हे सांगायला नको.

पण पोरंही आता बारा गावचं पाणी प्यायलेली. परवा मी ओट्यावर बसलो होतो तर एक जण मोबाइल नाचवत आला. "नाना, मुदत वाढली! एकतीस तारखेपर्यंत. मी आता दिवाळीनंतरच भरतो."

नानांनी चष्मा पुसला. मोबाइल हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"ह्याच्यावर जावक क्रमांक कुठाय?"

"व्हॉट्सॲपवर आलंय नाना, जावक क्रमांक कुठला असणार?"

"सही कुणाची?"

"नाही."

"शिक्का?"

पोरगं गप्प.

"म्हणजे अफवा आहे," नाना म्हणाले, आणि रजिस्टर उघडून पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. "बस खाली. बापाला फोन लाव, म्हणावं शेतातनं वर बांधावर येऊन उभा राहा, तिथं रेंज येते. ओटीपी येईल."