श्रीयुत गृहकर्जराव यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. गृहकर्जराव यांच्या सेवेशी,

शाहूपुरी, सातारा येथील एका टू बीएचकेच्या मालकीणबाईंचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, उद्या पाच तारीख आणि तुमचं येणं ठरलेलं. तुमच्या वक्तशीरपणाचं मला मनापासून कौतुक आहे. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर होण्याआधी आम्ही अडकायचो, झाल्यावरही अडकतो. तुम्ही कधी अडकल्याचं ऐकिवात नाही. पगार एक दिवस उशिरा झाला तर तुम्ही रागवत नाही, फक्त दंड लावता. इतका शांत स्वभाव आमच्या दोन्ही घराण्यांत कुणाचा नाही.

‘मालकीणबाई’ म्हणवून घेताना मी जरा दबकते. खरेदीखतावर नाव माझं एकटीचं आहे. बायकांना वाटतं, काय नशीबवान, नवऱ्याचं केवढं प्रेम! प्रेम असेलही. पण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्याच्यापेक्षा जास्त चाललं ते महिलेच्या नावे घर घेतलं की मुद्रांक शुल्कात मिळणाऱ्या १ टक्का सवलतीचं. मूळ कागद बँकेच्या तिजोरीत गेले, आमच्या हाती झेरॉक्स आल्या. वास्तुशांतीला पाटावर आम्ही दोघं बसलो खरे, पण यजमान तुम्हीच होतात. आम्ही फक्त पळीनं पाणी सोडत होतो.

आता थोडं तुमच्या हिशेबाबद्दल. कर्ज ३० लाख, व्याज ८.५० टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० तुम्ही व्याज म्हणून ठेवून घेतलेत आणि उरलेले ४,७८५ मोठ्या मनानं मुद्दलात टाकलेत. याच गतीनं दहा वर्षं इमानेइतबारे भरलं तरी सुमारे २१ लाख मुद्दल बाकीच. मुद्दल निम्म्यावर यायला पावणेचौदा वर्षं. वीस वर्षांत एकूण भरायचे सुमारे ६२ लाख ४८ हजार. निम्म्याहून जास्त तुमचे. वाटणीच करायची तर मोठी बेडरूम तुमची, लहान आमची आणि स्वयंपाकघर सामाईक.

यावर उपाय म्हणून आम्ही नवरा-बायकोनं तुमच्याविरुद्ध कट केला आहे. तो इथे उघड करते, कारण तुम्ही तो मोडू शकत नाही. दर महिन्याला हप्त्यावर ५,००० रुपये जास्त भरायचे. तेवढ्यानं २० वर्षांचं कर्ज साधारण १३ वर्षं ८ महिन्यांत फिटतं आणि व्याजाचे ११ लाख ७० हजारांच्या आसपास वाचतात. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बँकांना सांगून ठेवलं आहे. तेव्हा कपाळाला आठ्या घालू नयेत.

हे ५,००० येतात कुठून, ही तुमची पुढची शंका. दोघांचे मिळून ६८,००० हातात पडतात. तुमचे ३१,०३५ बाजूला काढले की ३६,९६५ उरतात. किराणा, भाजी, दूध १२,०००. मुलीची शाळा आणि रिक्षा ५,०००. सासूबाईंची औषधं २,५००. वीज, गॅस, मोबाइल ३,०००. पेट्रोल आणि एसटी ३,५००. आरोग्याचा आणि मुदतीचा विमा ३,०००. सोसायटीचा मेंटेनन्स १,५००, तो तर नवीनच पाहुणा. भाड्याच्या घरात नळ गळला की घरमालकाला फोन करायचा आणि दोन शब्द सुनवायचे. आता सुनवायला मालक शोधला तर आरशात सापडतो.

पुढचं खातं तुमच्या माहितीपत्रकात कधीच छापलेलं नसतं: वर्षातून एकदा येणारे खर्च. घरपट्टी, गणपतीची वर्गणी, दिवाळी, लग्नसराईतले आहेर, दुचाकीचं सर्व्हिसिंग, पावसाआधी गॅलरीच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग. नवे घरमालक फसतात ते इथे. महिन्याचा हिशेब चोख, आणि मे महिन्यात तीन लग्नं निघाली की क्रेडिट कार्ड बाहेर. तिकडे छत्तीस टक्क्यांच्या आगेमागे व्याज आणि इकडे साडेआठ टक्क्यांचं कर्ज लवकर फेडल्याचा अभिमान! आम्ही या खर्चांना बारानं भागून महिन्याला ४,००० वेगळ्या खात्यात टाकतो. उरले २,४६५. त्यातले १,५०० राखीव, ९६५ करमणूक. ९६५ रुपयांत राजवाड्यावरच्या चौपाटीवर तिघांची भेळ-पाणीपुरी होते, कासची फुलं होतात, पण दोन्ही एकाच महिन्यात होत नाहीत.

माझं माहेर सांगलीचं. जाण्याच्या खर्चालाही शिस्त लागली आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट, म्हणून माहेरी मी आणि मुलगी जातो. नवरा पूर्ण तिकिटाचा, तो घर राखतो. जाताना कंदी पेढे न्यायचे, येताना भडंग आणायचं. दोन जिल्ह्यांतला हा व्यापार अजून तरी तुमच्या नजरेतून सुटलेला आहे.

एवढं केल्यावर तुमचा निकाल लागला असं वाटेल. पण गृहकर्जराव, तुमचे खरे मित्र कोण ते मला उशिरा का होईना कळलं. हप्ता बुडवणाऱ्यांपेक्षा तुम्हाला जास्त लाडके आहेत ते तुमच्या नावानं कडकडीत उपास धरणारे. हा पंथ हल्ली फोफावला आहे. दिवाळीचा बोनस आला, टाक कर्जात. भिशी लागली, टाक कर्जात. मोडलेलं सोनं, सासऱ्यांनी नातीला दिलेले पैसे, सगळं कर्जात. विम्याचा हप्ता चुकवून कर्जात जादा भरणारे बहाद्दरही आहेत. खात्यात शिल्लक भोपळा, पण चेहऱ्यावर तेज! अशा घरात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की तुम्ही मदतीला धावत नाही. तुमच्याकडे गेलेला पैसा परत मागितला तर नव्या व्याजानं, नवी प्रोसेसिंग फी लावून मिळतो.

हे ज्ञान मला सांगलीनं दिलं. तिथं घर घेताना पहिला प्रश्न गॅलरी किती फुटांची हा नसतो. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं, हा असतो. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४५ फूट. लाखो रुपये भिंतींत गुंतवलेली माणसं वरच्या मजल्यावर बसून होती. घराची किंमत तेवढीच होती, पण त्या किमतीचं दूध मिळत नव्हतं. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला, वायरिंग बदलायला, गाद्या घ्यायला रोख पैसे लागले. आमच्या आप्पांनी मला लग्नात सोन्याहून जड सल्ला दिला तो हाच: घर बांधलंस तरी कपाटात पैसा ठेव. पुलावर ४० फुटांची इशारा पातळी असते ती धोका येण्याआधी हलता यावं म्हणून. घरातही सहा महिन्यांचा खर्च, हप्ता धरून, हीच इशारा पातळी. ती भरेपर्यंत तुम्हाला जादा दमडी नाही. आमची भरली, तेव्हा कुठे कट सुरू झाला.

सल्लागारांचीही कमी नाही. नवऱ्याच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘कर्ज कशाला फेडता? टॅक्स वाचतो!’ जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, हे खरं. पण आम्ही दोघंही नव्या प्रणालीत आहोत. तिथं ही वजावट नाही, आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करही नाही. वाचवायला आधी कर तरी लागायला हवा! दुसरे म्हणतात, ‘एसआयपी करा, बाजार जास्त देतो.’ देतही असेल. पण बाजार देईन म्हणतो आणि तुम्ही घेणारच म्हणता, या दोन वाक्यांत फरक आहे. कर्जात भरलेल्या रुपयावर साडेआठ टक्के नक्की वाचतात, त्यावर कर नाही, आणि रोज सकाळी भाव बघावा लागत नाही. निवृत्तीच्या बचतीला हात न लावता उरेल तेच तुम्हाला, एवढा बेत आमच्यासारख्या दोन पगारांच्या घराला पुरतो.

तुमच्या चिवटपणालाही सलाम केला पाहिजे. साताऱ्याला १९३६ साली सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक होती. २००६ मध्ये ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सांगलीला १९१६ सालची सांगली बँक होती. २००७ मध्ये ती आयसीआयसीआयमध्ये गेली. दोन्ही गावांतल्या किती तरी घरांच्या पासबुकावरचा पहिला शिक्का या बँकांचा. पाट्या बदलल्या, कर्मचारी बदलले, लोक हळहळले. पण बँक गेली म्हणून कुणाचं कर्ज गेलं नाही. ते नव्या पाटीखाली तेवढंच उभं राहिलं. बँकांना अंत आहे, तुम्हाला नाही. तुम्हाला मारायचं तर कर्जदारानंच, मुद्दलावर घाव घालून.

आणि घाव लवकर घातलेला बरा. वरच्याच कर्जात सुरुवातीला १ लाख भरले तर सुमारे १९ हप्ते कमी होतात. तेच १ लाख दहा वर्षांनी भरले तर नऊसुद्धा नाहीत. म्हातारपणी मोठी रक्कम मिळेल तेव्हा बघू, असं म्हणणारा कर्जदार तुम्हाला का आवडतो, ते यावरून कळतं.

तुमच्या एका जुन्या सवयीबद्दल मात्र तक्रार आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० वर गेला. तेव्हा किती तरी घरांत तुम्ही हप्ता तोच ठेवलात आणि आवाज न करता मुदत लांबवलीत. माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार आणि तुम्ही बासष्टाव्या वर्षापर्यंत राहणार! अखेर १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेला लिहून द्यावं लागलं, की दर बदलला की कर्जदाराला सांगा, आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्या. पुढे २०२५ मध्ये रेपो चार वेळा उतरून ५.२५ वर आला. आता तुम्ही गोड आवाजात विचारता, ‘हप्ता कमी करून देऊ?’ नको. ३० लाखांवर व्याज ७.२५ टक्के झालं तर हप्ता २३,७०० च्या आसपास येतो. पण आम्ही जुनेच २६,०३५ भरत राहिलो, तर वीसऐवजी साडेसोळा वर्षांत तुमची पाठवणी. खिशाला सवय झालेली आहे. एक पैसा जास्त न काढता होणारी ही जादा फेड आहे. वरचे ५,००० ते वेगळे.

तेव्हा आमच्या मागण्या थोडक्यात ऐकाव्यात:

१. जादा रक्कम भरली की ती मुद्दलातच जमा व्हावी आणि मुदत कमी व्हावी, हप्ता नव्हे. तसा लेखी अर्ज आम्ही देऊ, नवा परतफेडीचा तक्ता तुम्ही द्यावा.

२. दर उतरला की तो आमच्यापर्यंत त्याच वेगानं पोचावा, ज्या वेगानं चढलेला पोचला होता.

३. मुलीच्या वाढदिवसाच्या महिन्यात आम्ही ५,००० जादा भरणार नाही. हप्ता मिळेल. केक आमचा आहे.

तिसऱ्या मागणीवर तडजोड नाही. घर घेतलं ते राहायला. तुमची सेवा करायला घेतलेलं नाही. ज्या घरात फक्त कर्जच पोसलं जातं, ते घर सातबाऱ्यावर असो की सोसायटीच्या यादीत, त्याला धर्मशाळा म्हणतात. आम्ही फेडणार, लवकर फेडणार, पण जेवून-खाऊन फेडणार.

कळावे, लोभ नसावा.

आपली तूर्तास ऋणी,
एक मालकीणबाई, शाहूपुरी, सातारा

ता. क. पत्र अनावृत आहे, म्हणून हे शेजारपाजारच्या कर्जदारांसाठी. कर्ज पूर्ण फिटलं की ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. शेवटचा हप्ता भरला की पेढे वाटण्याआधी अर्ज द्या, आणि त्याची पोच घ्या.