कोथिंबीर आणि कळवळा

स्त्रियांच्या कष्टांविषयी माझ्याइतक्या कळवळ्याने बोलणारा गृहस्थ आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत दुसरा नाही, असे माझे नम्र मत असून, ते अन्य कोणी व्यक्त करीपर्यंत थांबण्याइतका धीर नसल्यामुळे मीच ते वेळोवेळी बोलून दाखवीत आलो आहे. महसूल खात्यात कारकुनीवर सुरू झालेली माझी चाकरी नायब तहसीलदारीवर संपली. पत्नी मात्र चर्चगेटच्या एका कचेरीत हिशेब तपासणीच्या कामावर अद्याप रुजू आहे. सहकार्य करणाऱ्या पतीची भूमिका वठविण्यास याहून अनुकूल रंगभूमी ती कोणती? गेल्या ८ मार्चला एका मंडळात ‘नोकरी करणारी स्त्री’ या विषयावर माझे व्याख्यान झाले. पश्चिम रेल्वेने १९९२ साली केवळ स्त्रियांसाठी चर्चगेटहून लोकल सोडली, त्या घटनेचा मी असा गौरव केला की समोरच्या रांगेतील दोन वृद्धांनी टाळ्या वाजविल्या. पत्नी तेवढी येऊ शकली नाही. व्याख्यान सायंकाळी सहाला होते आणि त्या समयी ती त्याच गाडीत, अंधेरीच्या आसपास, उभी होती.

माझ्या सहकार्याचा मेरुमणी म्हणजे कोथिंबीर. हा विषय निघाला की मला आवरत नाही, हे वाचकांनी आताच लक्षात घ्यावे. कोथिंबीर कोणीही आणतो. ती पारखणारे विरळा. बाजारात ती जुडीने मिळत असल्यामुळे तराजूचा आधार नसतो आणि सारी भिस्त खरेदीदाराच्या विवेकबुद्धीवर येऊन पडते. रुंद पानांची, लांब दांड्यांची हिरवीगार जुडी दिसावयास देखणी, परंतु आमटीत पडताच निर्गुण निराकार होते; गावठी मात्र ठेंगणी, बारीक पानांची, मुळांना माती धरून बसलेली, पण घमघमाट असा की पिशवी जिन्यात असतानाच वरच्या मजल्यावर वर्दी पोचावी. पाणी मारलेली जुडी वरून टवटवीत आणि पोटात काळी असते, म्हणून ती सुतळी सैल करून आतून पाहावी लागते. एखाद्या संशयास्पद सातबाऱ्यावरील फेरफाराच्या नोंदी जशा मी पूर्वी न्याहाळीत असे, तशीच मी ती न्याहाळतो. पावसाळ्यात नाशकाकडील माल सडून भाव आभाळाला भिडले की सामान्य माणसे कोथिंबिरीवाचून पोहे खातात. अशा प्रसंगी खऱ्या रसिकाची कसोटी लागते आणि तीत मी आजवर उतरलो आहे. भाजीवाले मला ओळखतात. काही तर मला दुरून पाहताच जुड्या गोणपाटाखाली झाकतात.

अशा रीतीने जिंकून आणलेली जुडी मी ओट्यावर ठेवतो आणि तेथे माझा अंमल समाप्त होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पत्नीच्या पिशवीतून प्रवासाला निघते आणि, बसावयास मिळाले तर, कांदिवली ते दादर या टापूत निवडली जाते. शेजारीण गवार मोडत असते, समोरची मटार सोलत असते. खरेदी पुरुषाची आणि निवडणे स्त्रीचे, ही वाटणी कोणत्या सनदेने झाली कोण जाणे. मला ती न्याय्य वाटत आली खरी.

इतक्यात केंद्र सरकारने केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीचे आकडे वाचनात आले. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामातील सरासरी २०१९ साली दिवसाला २९९ मिनिटे होती, ती २०२४ साली २८९ झाली. पुरुषांची होती ९७ मिनिटे. ती झाली ८८. ही सरासरीसुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच असून, असे पुरुष शंभरांत जेमतेम सत्तावीस. वाचलेल्या नऊ मिनिटांत आम्ही काय केले याचा खुलासा पाहणीत नाही. बहुधा व्याख्याने दिली असावीत.

आपण ८८ च्या पुष्कळ वर आहोत हे सप्रमाण सिद्ध करावे, या शुद्ध हेतूने मी एक लांब वही घेऊन तीत रकाने आखले आणि दैनंदिन रोजकीर्द ठेवू लागलो. ती पत्नीच्या नजरेस पडली. तपासनिसाचा हात, हिरव्या शाईचे पेन आपसूक बाहेर आले. ‘कोथिंबीर खरेदी, ५५ मिनिटे’ या नोंदीपुढे शेरा पडला : “पैकी ५ मान्य. उर्वरित वेळेत भाजीवाल्यास केंद्र-राज्य संबंध समजावून दिल्याचे दिसते. तो खर्च घरखात्यावर टाकता येणार नाही.” ‘चहा करणे, २० मिनिटे’ यापुढे : “पातेले कोणी घासले? खुलासा व्हावा.”

नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली आणि त्याच वर्षीच्या कामगारांच्या सभेत दोन स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या, हे मी व्याख्यानात आवर्जून सांगतो. ती सुट्टी आमच्या घरी दिवाणखान्यापर्यंत आली आहे. पलीकडे आठवड्याचे वाटण, इस्त्री, उशांचे अभ्रे आणि डाळ-तांदूळ भिजविणे चालू असते. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांतीही दिली. तो कायदा करणाऱ्यांच्या घरी रात्रीची भाकरी कोण थापीत होते, हे मात्र कोणी विचारले नसावे.

मुलाला गोवर आला तेव्हा मी जमाबंदीच्या दौऱ्यावर होतो, आणि दौरा हे सबळ कारण मानले गेले. पत्नी त्याला शेजारी ठेवून कचेरीत गेली, तर तिच्याकडे जिन्यात, नळावर, लग्नकार्यात, पुढे कित्येक महिने कैफियत मागितली गेली. तिने ती दिली नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात शालीच्या घडीबरोबर प्रत्येकाने मला “आता आराम करा” असे बजावले होते. तिची निवृत्ती पुढल्या वर्षी आहे, आणि जो तो तिला आतापासूनच म्हणतो, “बरे झाले, आता घराकडे लक्ष देता येईल.” मिठाच्या बरणीपासून माझ्या रक्तदाबाच्या गोळीपर्यंत ज्या घराची प्रत्येक जागा तिला अंधारात सापडते, त्या घराकडे लक्ष देण्यास ती म्हणे आता मोकळी होणार! परवा एका सद्गृहस्थाने हे वाक्य माझ्यासमोर उच्चारले, तेव्हा मला जो राग आला तो व्याख्यानाच्या कामाचा नव्हता. शब्द सुचले नाहीत आणि हात मात्र थरथरले.

पत्नीने त्यांना शांतपणे चहा दिला. ते गेल्यावर कपबशा गोळा करीत ती म्हणाली, “अहो, ती तुमची वही जपून ठेवा. पुढल्या वर्षी लागेल.”

“आत्मचरित्राला?” मी उत्सुकतेने विचारले.

“रजेच्या अर्जांना. मी निवृत्त झाले की स्वयंपाकघराचा चार्ज तुमच्याकडे. किरकोळ रजा वर्षाला आठ, रविवार धरून.”