आमच्याकडे होतं हे

डोंबिवलीत दर सोसायटीत असे एक काका असतातच. बँकेतून रिटायर झालेले, खांद्याला शबनम, शबनममध्ये थर्मास. रविवारी आपण पेपर उघडून बसतो न बसतो तोच यांचा फोन : "भायखळ्याला निघालोय. ठाण्याला चढा, जागा धरलीय." तीही नेमकी मेगाब्लॉकच्या दिवशी.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालचं. लोक तिथे पाट्या वाचतात. काका पाटीपर्यंत पोचायच्या आत निकाल देतात, "हे आमच्याकडे होतं." मातीच्या बाहुल्या? होत्या. हस्तिदंती पेटी? दोन होत्या. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. साहेबाने तो विलायतेला न्यायला म्हणून उचलला आणि पाडला, मग तुकडे जोडून इथे उभा राहिला. मी म्हटलं, आता बघू.

"आमच्याकडे होता."

"हत्ती?"

"लाकडी. चाकं होती त्याला. सोंड तुटली म्हणून आईने बंबात घातला."

पुण्याच्या केळकर संग्रहालयात तर मी हात टेकले. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. अडकित्ते, दौती, समया, पाय घासायच्या पितळी वज्री. काका प्रत्येक कपाटापुढे हरवलेल्या सामानाची ओळख पटवावी तसे उभे. मस्तानी महालापाशी मात्र ते थांबले. "झुंबर होतं," एवढंच म्हणाले.

आधुनिक कलेपुढे तरी गप्प बसतील, ही माझी आशा. जहांगीरच्या पायरीवर मी त्यांना मोबाइलवर सुबोध गुप्तांची स्टीलच्या भांड्यांची भलीमोठी कवटी दाखवली. समीक्षक तिच्यावर पानंच्या पानं लिहितात. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "भांड्यांवर नावं कुठायत? चि. सौ. कां. अमुकला मामाकडून, असं काही? नाव नाही म्हणजे दुकानातली दिसतात. आमच्याकडची वापरली असती तर कवटी बोलली असती!" त्या दिवशी जहांगीरमध्ये ऐकलेल्यांत मला कळलेली समीक्षा ही एवढीच.

शेवटी एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो असताना मी काकूंना विचारलं, एवढं सगळं सामान गेलं कुठे? बोहारणीला दिलंत?

काकूंनी आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं. "कसलं सामान? कल्याणला रामबागेत दहा बाय बाराची खोली, माणसं सात. एक ट्रंक, एक स्टोव्ह. सुपारी कातरायची तर अडकित्ता शेजारून मागून आणायचे."

बाहेर काका पुढच्या रविवारचं टाइमटेबल बघत होते. केळकरांना वस्तू ठेवायला वाडा लागला. यांचं बिऱ्हाड आपलं तिकिटावर भागतं. भाडं नाही, धूळ नाही, पुनर्विकासाची नोटीस नाही. माणूस चिकट आहे, कटकट्या आहे, चहाचे पैसे कधी देत नाही. पण आता जागा मी धरतो.

परवा पेडर रोडच्या सिनेमा संग्रहालयात गेलो. काचेआड जुना कॅमेरा. काकांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "तुमच्याकडे होता ना हा?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "छे हो, कॅमेरा कुठला! आमच्याकडे प्रोजेक्टर होता."