कढीपत्ता मागण्याची रीत

तीर्थस्वरूप काकांस,


इंटरनेटच्या कंपनीला फोन करून जुन्या गिऱ्हाइकाची सवलत मागणं म्हणजे हात पसरणं, असं तुमचं मत. पण काका, परभणीच्या भाजीबाजारात पावशेर मिरच्यांवर मूठभर कोथिंबीर आणि कढीपत्ता मागताना तुमचा हात कधी आखडला? तिथं तो तुम्हाला मान वाटतो. आपल्याकडं धान्य मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो आणि शेवटी चिमूटभर वर टाकतो, ते काही दान नव्हे; गिऱ्हाइकानं पुन्हा यावं म्हणून केलेली तजवीज आहे. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ साली प्रवासाचे मैल मोजून फुकट तिकिटं द्यायला सुरुवात केली, तीही वरची मूठच. तिला कार्ड तेवढं जोडलं.

फरक असा, की भाजीवाली जुन्या गिऱ्हाइकाला जास्त देते आणि इथं ब्रिटनमध्ये जुन्याकडून जास्त घेतात. सिटिझन्स ॲडव्हाइस या ग्राहकांच्या बाजूनं बोलणाऱ्या संस्थेनं २०१८ साली रीतसर तक्रारच केली: मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचतखाती या पाच ठिकाणी मुकाट राहणाऱ्या लोकांना वर्षाकाठी चार अब्ज पौंडांहून जास्त भुर्दंड पडतो. याला इथले लोक चक्क निष्ठेचा दंड म्हणतात. घराच्या आणि गाडीच्या विम्यापुरता तो १ जानेवारी २०२२ पासून बंद झाला. जुन्याला नव्यापेक्षा महाग दर लावता येत नाही. ब्रॉडबँडवाल्यांवर मात्र बंधन एवढंच, की करार संपत आल्याचं कळवायचं आणि आपले चांगले दर सांगायचे. पुढचं तोंड आपलं आपण उघडायचं. म्हणजे न मागणं ही सभ्यता नव्हे, ते वाढीव बिल आहे.

आता तुम्ही म्हणाल, हक्काचंच असेल तर गोड बोलायचं कशाला, खडसावून घ्यावं. करारात लिहिलेलं असेल तर खुशाल ठणकावून मागावं, तिथं आर्जव नकोच. पण सवलत बहुधा लिहिलेली नसते. फोन उचलणाऱ्या लेकराच्या पडद्यावर तीनचार पर्याय असतात, तेवढाच त्याचा अधिकार. दर त्यानं ठरवलेले नाहीत, त्याचं बोलणं मात्र ध्वनिमुद्रित होतं आणि वेळही मोजली जाते. त्याच्यावर ओरडणं म्हणजे पेट्रोल महागलं म्हणून पंपावरच्या पोऱ्याला झापणं. रीत आपलीच वापरावी. ‘टाका की मावशी थोडा कढीपत्ता’ यात ‘कृपया’ कुठंच नाही. सगळी नम्रता त्या ‘की’मध्ये आणि ‘मावशी’मध्ये आहे. इंग्रजीत मावशी चालत नाही, म्हणून मूळ मागणीपर्यंत पोचायला चार ओसऱ्या ओलांडाव्या लागतात: जमत असेल तर, शक्य असेल तर, पाहता आलं तर बरं होईल. दोन्हीकडं काम एकच, समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवायची. जागा असली की माणूस ‘थांबा, बघतो’ म्हणतो.

गोडव्यानं सगळं मिळतं असं मात्र मी म्हणणार नाही. नुसत्या गोड बोलण्याला तितकंच गोड ‘सॉरी’ मिळतं. खरा जोर दुसऱ्या कंपनीचा दर हाताशी असण्यात आणि सोडून जायची तयारी असण्यात आहे. म्हणून तर जाणाऱ्या गिऱ्हाइकाला थोपवायला कंपन्या वेगळी माणसं नेमतात. तुम्हीही पलीकडच्या गाड्याकडं एक नजर टाकूनच भाव करता ना? ती नजर असावी, आवाज चढू नये, एवढंच.

काकूंना सांगा, इथं कढीपत्त्याची मोजकी पानं प्लास्टिकच्या पाकिटात मिळतात, आणि पैसे यंत्रालाच द्यायचे म्हटल्यावर ‘थोडा वर टाका की’ कुणाला म्हणायचं, हा प्रश्नच आहे.

तुमचा आज्ञाधारक,
पुतण्या